तोटीपर्यंतचे गार पाणी

सौर बंब बसवून महिना झाला नाही तोच आमच्या आत्यांनी तक्रार केली, "तुमचा बंब बिघडलाय. पाणी कोमटच येतं." पुण्यातील एका पेठेत आमचे जुने दुमजली घर आहे. बंब गच्चीवर आणि आत्यांचे न्हाणीघर तळमजल्यावर, चौकाच्या पलीकडे. वरच्या मजल्यावर मात्र वाफाळते पाणी येत होते. बंब बसवणारा माणूस येऊन पाहून गेला आणि बंबात काही दोष नाही म्हणाला. आत्या माळ्यावरचा तांब्याचा बंब खाली काढण्याची भाषा करू लागल्या.

तेव्हा आम्ही प्रयोगशाळेतला तापमापक घरी आणला. डिसेंबरातल्या त्या पहाटे गच्चीवर टाकीजवळच्या तोटीचे पाणी ६० अंश सेल्सिअस भरले. आत्यांची १५ लिटरची बादली भरल्यावर तिच्यातले पाणी होते ३४ अंश. म्हणजे आत्यांचेही खरे आणि त्या माणसाचेही खरे! मग मधल्या मध्ये काय घडत होते?

न्हाणीघरातली तोटी उघडली की प्रथम येते ते रात्रभर पाइपात उभे राहिलेले गार पाणी. ते किती, हे काढायला शाळेतले वृत्तचितीचे सूत्र पुरते. पाइप जुना, पाऊण इंची, जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा. आतला व्यास २.१ सेंटिमीटर भरला. छेदाचे क्षेत्रफळ झाले सुमारे ३.४६ चौरस सेंटिमीटर. म्हणजे एक मीटर लांबीत ३४६ मिलिलिटर पाणी. पाइप गच्चीवरून पुढच्या भिंतीने उतरून, चौकाला वळसा घालून मागे जातो. लांबी १८ मीटर. एकूण पाणी साधारण सव्वासहा लिटर.

पण प्रत्यक्ष मोजले तेव्हा गरम पाणी येईपर्यंत साडेदहा लिटर पाणी बादलीत पडले. हिशेब चुकला कुठे? चुकला नव्हता, अपुरा होता. पाइपातले पाणी गार असते तसा पाइपही गारच असतो. पाइपचा उरलेला तुकडा आम्ही काट्यावर घातला, मीटरला १.६ किलोग्रॅम वजन पडले. लोखंडाचा विशिष्ट उष्मा पाण्याच्या ०.११ पट. म्हणून एक मीटर लोखंड तापवायला लागणारी उष्णता ही सुमारे १७६ ग्रॅम पाणी तापवायला लागणाऱ्या उष्णतेइतकी. १८ मीटरला हे झाले ३.२ लिटर पाण्याच्या बरोबरीचे. म्हणजे सव्वासहा लिटर गार पाणी बाहेर पडल्यावर मागून येणारे आणखी तीनएक लिटर पाणी आपली उष्णता लोखंडाला देऊन स्वतः गार होऊनच तोटीशी पोचते. बेरीज साडेनऊच्या आसपास. उरलेले लिटरभर गरम आणि गार पाण्याच्या सीमेवर होणाऱ्या मिश्रणाचे व भिंतीत मुरणाऱ्या उष्णतेचे, असे आम्ही धरले. घरगुती प्रयोगाला एवढा मेळ पुष्कळ झाला. (हा प्रयोग शाळेत सहज करता येतो. बादली, मोजपात्र, तापमापक आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ एवढेच साहित्य लागते.)

आता बादलीचे कोडे सुटते. साडेदहा लिटर पाणी सरासरी २४ अंशांचे आणि वर साडेचार लिटर ६० अंशांच्या जवळपासचे. मिश्रणाचे तापमान विद्यार्थ्यांनीच काढावे. ३४-३५ अंश येईल. गंमत अशी, की ६० अंशांचे पाणी कोणी अंगावर घेत नाही. २२ अंशांच्या पाण्याशी मिसळून ४० अंशांची बादली करायची तर १५ लिटरांत जवळजवळ आठ लिटर गारच पाणी लागते. म्हणजे पाइपातले गार पाणी आठ लिटरांच्या आत असते, तर बादलीने आंघोळ करणाऱ्या आत्यांचे काहीच बिघडले नसते. शॉवरखाली उभे राहणारा मात्र ते सगळे मोरीत सोडून देतो.

आमच्या प्लंबरचा सल्ला होता, "साहेब, एक इंची पाइप टाका, पाणी धो धो येईल." पाणी धो धो आले असते हे खरे, पण गार! एक इंची पाइपात मीटरला सुमारे ५७० मिलिलिटर पाणी मावते आणि लोखंडही मीटरला २.४ किलोग्रॅम. १८ मीटरचा हिशेब केला तर आत्यांची अख्खी बादली गार भरली असती.

मग पाइप बारीक करावा का? इथे जरा थांबून विचार करावा लागतो, कारण पाणी वाचवणे आणि वेळ वाचवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यास निम्मा केला की पाइपातले पाणी पाव होते. पण दाब तोच ठेवला तर प्रवाहही घटतो, आणि तो पावापेक्षाही कमी, पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे पाणी वाचले तरी थांबणे वाचेलच असे नाही. गच्चीच्या लगेच खालच्या मजल्यावर, जिथे पाण्याची उंची जेमतेम मीटर-दीड मीटर मिळते, तिथे बारीक पाइप त्रासाचा ठरेल. तळमजल्यावर ही उंची पाच मीटरांच्या पुढे असते आणि प्रवाह पाइपापेक्षा तोटीच अडवते. तिथे बारीक पाइपाने पाणी आणि वेळ दोन्ही वाचतात.

तोटी बारीक सोडली म्हणजे पाणी वाचते, हा समज आमच्याही घरात होता. पाइप रिकामा व्हायचा तो होतोच. फक्त मिनिटे वाढतात आणि वाटेत पाणी आणखी निवते.

परतीचा पाइप टाकून पाणी सतत फिरते ठेवता येईल का, असे एका सहकाऱ्याने सुचवले. मोठ्या हॉटेलांत तसे करतात. सौर बंबातही पाणी आपोआप फिरते, पण तिथे तापणारा पत्रा टाकीच्या खाली असतो. तापलेले हलके पाणी वर चढते. आमचे न्हाणीघर टाकीच्या खाली. तिथले निवलेले पाणी जड होऊन तळाशी बसणार. ते वर येईल कशाला? त्याला पंप हवा, आणि पंप दिवसभर चालला की पाइप बंबातली उष्णता चौकात उधळत राहणार. बटण दाबल्यावर मिनिटभर चालणारा पंप चालला असता, पण जुन्या भिंतीत दुसरा पाइप घालण्याचा खर्च पाहून आम्ही तो नाद सोडला.

तीन लिटरचा छोटा विजेचा गीझर न्हाणीघरात बसवावा, हाही एक मार्ग. पण सौर बंब बसवून पुन्हा विजेचे बिल भरायचे, हे आत्यांना पटले नाही. आम्हालाही नाही.

शेवटी रस्ताच बदलला. मागच्या भिंतीवरून थेट खाली उतरले तर अंतर ११ मीटर. तेवढा अर्धा इंची सी.पी.व्ही.सी.चा पाइप टाकला. (साधा पी.व्ही.सी. गरम पाण्याला चालत नाही.) याचा आतला व्यास सव्वा सेंटिमीटरहून किंचित कमी, पाणी मावते १.३ लिटर आणि प्लॅस्टिक हलके असल्याने तापायला उष्णताही थोडीच घेते. आता दोन लिटरांत, वीसएक सेकंदांत गरम पाणी येते. आत्यांना उलट गार पाण्याची तोटी उघडावी लागते.

पाइपावर फोमची नळीही चढवली आहे. तिने पहिल्या आंघोळीला काही फरक पडत नाही, कारण रात्रभरात पाणी निवायचे ते निवतेच. अर्ध्यापाऊण तासाने दुसरा कोणी गेला, तर त्याला पाइप अजून उबदार मिळतो. आत्या पाचला, सगळ्यांच्या आधी उठतात. फोमचा लाभ घेतात ते घरातले उशिरा उठणारे.