‘सर, तुम्ही आत्ता या’

रात्रपाळीची सिस्टर सकाळी ‘ओव्हर’ देते तेव्हा तिचे डोळे तारवटलेले असतात आणि घेणारी नुकतीच गर्दीतून धडपडत आलेली असते. ‘‘चार नंबर ठीक, पाच नंबर ठीक, सहा नंबरला रात्री जरा बरं नव्हतं.’’ आता हे ‘जरा’ म्हणजे किती? ताप होता, की बीपी उतरलं होतं? डॉक्टरांना कळवलं का? नर्सेसना शिकवताना माझं सगळ्यात जास्त भांडण असतं ते या ‘जरा’शी.

त्यावर उपाय म्हणून आम्ही ‘एसबार’ शिकवतो. गंमत म्हणजे ही पद्धत मूळची दवाखान्यातली नाहीच. ती आली अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांमधून. तिथल्याच कैसर पर्मनेन्टे या संस्थेनं ती रुग्णालयात आणली, आणि २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही पाळी बदलताना ती वापरण्याचा विचार करावा, असं सुचवलं. आत्ता काय झालंय, आधीचं काय, तुम्हाला काय वाटतं आणि काय करायला हवं, एवढंच, याच क्रमानं सांगायचं.

पहिल्या दोन पायऱ्या मुली पटकन शिकतात. सरावात मी फोनवरची डॉक्टर होते. ‘‘सर, बेड सहा. दुपारी सिझेरियन झालंय. बीपी नव्वद-साठ, दोन तासांपूर्वी एकशेवीस-ऐंशी होतं. नाडी एकशेतीस, अंग गार पडलंय.’’ इथवर झकास. मग शांतता.

‘‘पुढे?’’

‘‘मॅडम, पुढचं डॉक्टरच ठरवतील ना?’’

मोठ्यांपुढे बोलायचं नाही, हे ऐकतच वाढलेली मुलगी रात्री दोन वाजता झोपेतून उठवलेल्या डॉक्टरांना ‘‘मला आतून रक्तस्राव वाटतोय, तुम्ही आत्ता या,’’ असं कशी म्हणणार? तिला कळत सगळं असतं, जीभ रेटत नाही. म्हणून हे एक वाक्य मी दहा-दहादा मोठ्यानं म्हणवून घेते. आधी खिदळतात, मग आवाज सुटतो. खरं तर या वर्गात डॉक्टरांनाही बसवायला हवं. ‘‘तू मला शिकवतेस?’’ असं एकदा ऐकलं की ती मुलगी पुन्हा तोंड उघडत नाही.

फोनवरची ऑर्डर लिहून परत वाचून दाखवायची, हेही घोटून घेते. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ फोनवर सारखंच ऐकू येतं; ‘वन-फाइव्ह’ म्हणायला कितीसा वेळ लागतो?

वेळेची तक्रार मात्र खरी आहे. एकटीच्या गळ्यात अख्खा वॉर्ड असताना प्रत्येक खाटेपाशी एवढं बोलणार कधी? म्हणून गंभीर पेशंटपासून सुरुवात करा, असं सांगते. सलाईन, ड्रेन, लघवीची पिशवी दोघींनी मिळून बघायची. पेशंट जागा असेल तर तोही मध्येच म्हणतो, ‘‘सिस्टर, ते रात्रीचं इंजेक्शन मला मिळालंच नाही.’’