पावसात कादंबऱ्या, उन्हात पॉलिश

गेल्या आषाढापासून या ज्येष्ठापर्यंतचं वर्ष आमच्या घरात दोनच कामांभोवती फिरलं. सातारचं माहेरचं घर पाडायला निघालं आणि तिथलं थोडं सामान ठाण्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये आलं. लांब हातांची वेताची आरामखुर्ची, बाबांचं लिहायचं टेबल, एक तिवई, माजघरातलं काचेच्या दारांचं कपाट आणि त्या कपाटातली पुस्तकं. पुस्तकांत बहुतेक कादंबऱ्या. आईने त्यांना खाकी कव्हरं घालून पाठीवर नावं लिहून ठेवली होती, पण कित्येक वर्षांत त्यांना कुणी हात लावला नव्हता. खुर्चीचा वेत फाटल्यापासून तिच्यावर वाळलेले कपडे तेवढे पडत. सगळं जपलेलं होतं, वापरात काहीच नव्हतं. ते वापरात आणायचं ठरलं.

काय आधी आणि काय नंतर, हे हवेने ठरवलं. लाखेचं पॉलिश पावसाळ्यात करू नये, हे जुने पॉलिशवाले सांगतात आणि त्याला कारण आहे. लाख स्पिरिटमध्ये विरघळवलेली असते. स्पिरिट उडून जाताना लाकडाचा वरचा भाग गार पडतो, हवेतला दमटपणा त्यावर धरतो आणि थरात अडकतो. मग पॉलिश दुधाळ, पांढुरकं दिसायला लागतं. ठाण्याच्या आषाढ-श्रावणात तर भिंतीसुद्धा ओल्या लागतात. तेव्हा सामान भिंतीपासून थोडं सुटं करून ठेवलं आणि आम्ही पुस्तकांकडे वळलो.

पहिली हातात आली ती गो. नी. दांडेकरांची ‘पडघवली’, १९५५ ची. घर नुकतंच रिकामं केलेलं असताना ती वाचणं सोपं नव्हतं. अंबावहिनी आपल्या गावाची, घराची, तिथल्या माणसांची आणि वस्तूंची हकिगत सांगते आणि गाव डोळ्यांदेखत ओसरत जातं. लहानपणी मला त्यात कोकण दिसलं होतं. या वेळी दिसली ती एकेक वस्तू नावानिशी आठवणारी बाई. घर मोडतं तेव्हा भिंतींबरोबर ही नावंही जातात. फडताळ, घडवंची, माच हे शब्द माझ्या मुलीला मी त्या आठवड्यात पहिल्यांदा समजावून सांगितले.

त्यानंतर उद्धव शेळक्यांची ‘धग’. १९६० सालची ही कादंबरी मी कॉलेजात असताना वऱ्हाडी बोली अवघड म्हणून अर्धी सोडली होती. या वेळी बोलीने मला ओढून नेलं. कौतिक, तिचा शिंपीकाम करणारा नवरा महादेव, हातातोंडाची गाठ पडण्यासाठी तिने केलेले एकेक प्रयत्न आणि ते एकेक करून ढासळत जाणं. शेळके कुठेही गहिवर आणत नाहीत. वर्षभरात वाचलेल्या पुस्तकांत सर्वांत खोल गेलेलं पुस्तक कोणतं असं कुणी विचारलं, तर मी ‘धग’चंच नाव घेईन. मराठी वाचणाऱ्या घरात ‘ययाति’ हमखास असते, ‘धग’ क्वचित दिसते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘ययाति’ही पुन्हा वाचली. खांडेकरांना १९७४ चा ज्ञानपीठ मिळाला तो मराठीतला पहिला, आणि आईच्या पिढीने या पुस्तकावर जीव टाकला होता. अठराव्या वर्षी मी त्यातली वाक्यं वहीत उतरवून घेतली होती. आता तीच वाक्यं मला वाटेत आडवी येत होती. माणसं जगण्याआधीच जगण्याचा अर्थ सांगू लागतात. शर्मिष्ठेची पानं मात्र अजूनही धरून ठेवतात. उलट विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ ची असून कालपरवा लिहिल्यासारखी वाटली. युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेली बोट, चक्रधर आणि जर्मनीतून हाकलली गेलेली ज्यू मुलगी हॅर्टा. इतक्या थोड्या पानांत एवढं मोठं युद्ध, तेही सुरू होण्याआधीच, मराठीत दुसऱ्या कुणी पकडलेलं मला माहीत नाही.

कपाटात ‘तुंबाडचे खोत’चा पहिलाच खंड होता. दुसरा बहुधा कुणीतरी वाचायला नेला आणि परत आणला नाही. श्री. ना. पेंडशांची ही १९८७ ची दोन खंडांची कादंबरी, जगबुडीच्या काठावरच्या खोतांच्या चार पिढ्यांची. दुसरा खंड मी वाचनालयातून आणला. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे आणि आमच्यासारख्या घरांना अशा वेळी तेच उपयोगी पडतं. गणपतीपासून नवरात्रापर्यंत आमच्या घरात खोतांशिवाय दुसरा विषय नव्हता.

दसरा झाला, हवा कोरडी झाली आणि सामान मधल्या खोलीत आलं.

सुरुवात टेबलापासून केली. त्याच्यावर कधीतरी, बहुधा सत्तरच्या दशकात, फिकट निळा सनमायका चिकटवलेला होता. त्या काळी घरोघरी हे झालं. पुसायला सोपं, डाग पडत नाही, दिसायला नवं. खाली काय आहे हे बघायला टेबल उलटं केलं. खालच्या बाजूला पॉलिश नव्हतं, काळपट तपकिरी कोरडं लाकूड होतं. एका कोपऱ्यात काचकागद घासल्यावर सोनेरी रंग आला आणि कातड्यासारखा तो वास आला. साग. सनमायका ज्या रबरी गोंदाने चिकटवतात तो उष्णतेने सैल पडतो. वर कापड ठेवून गरम इस्त्री फिरवायची, कडेने पातळ पट्टी सारायची, पुन्हा इस्त्री. घाई केली की लाकडाचे तंतू बरोबर उपटून येतात, म्हणून हे काम रोज वीतभरच केलं.

टेबलाचा एक पाय हलत होता. आमच्या इमारतीत काम करणारे सुतारकाका तो बघून म्हणाले, “ताई, खिळा मारू नका, ह्याला खिळाच नाहीये.” सगळे सांधे कुसू आणि खाचेचे, आत सरस. फेव्हिकॉल बाजारात आलं १९५९ साली. हे टेबल त्याच्या आधीचं. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला गोंद. गरम पाण्याने आणि वाफेने तो पुन्हा मऊ होतो, त्यामुळे सांधा न मोडता उकलता येतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ज्याने ते टेबल केलं त्याने ते कधीतरी उघडावं लागेल हे धरून चाललेलं होतं. सांधा उकलल्यावर जुना सरस पटाशीने आणि ओल्या फडक्याने पूर्ण काढावा लागतो. त्याच्यावर नवा पांढरा गोंद लावला तर तो लाकडाला धरतच नाही. काकांनी कुसू साफ केलं, गोंद लावला, पाय दोरीने आवळून रात्रभर ठेवला. तेव्हापासून तो हललेला नाही.

तिवईवर ऑइल पेंटचे थर होते, सर्वांत वर हिरवा. इथे वाचकांना एक गोष्ट गांभीर्याने सांगायची आहे. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त असू नये हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत शिसं असू शकतं आणि कोरडा घासला की त्याची धूळ घरभर होते. लहान मुलं असलेल्या घरात असा रंग कोरडा घासू नये. आम्ही ओला पेपर वापरला, तोंडाला मास्क लावला, खिडक्या उघड्या ठेवल्या आणि निघालेला चिखल कागदात गुंडाळून टाकला.

पॉलिशसाठी लाखेच्या चपड्या आणून स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवल्या, सकाळी पातळ कापडातून गाळल्या. लाख ही कुसुम, पळस, बोर अशा झाडांच्या फांद्यांवरच्या किड्यांची देणगी. झारखंडात ती सर्वांत जास्त होते. लाकडावर आधी ८० नंबरचा पेपर, मग १२०, मग २२०, सगळे रेषेच्या दिशेनेच. मग बाबांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यात कापूस गुंडाळून बोळा केला. मऊ झालेल्या सुती कापडाला पर्याय नाही. बोळा लाकडावर टेकवून थांबायचं नाही, टेकला की तिथला खालचा थर विरघळतो. सरकत यायचं, सरकत जायचं, बोळा चिकटायला लागला की जवसाच्या तेलाचा थेंब. एक हात झाला की तो सुकेपर्यंत थांबायचं.

त्या थांबण्यात मी ‘बनगरवाडी’ वाचली. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वस्तीवर नेमलेला तरुण मास्तर, त्याची रिकामी शाळा, वस्तीचा कारभारी. व्यंकटेश माडगूळकरांची प्रकरणं आखूड, वाक्यं त्याहून आखूड. एका प्रकरणात एक हात सुके. शेवटच्या दुष्काळापाशी आले तेव्हा टेबलाच्या वरच्या फळीचा शेवटचा हात चालू होता. स्पिरिटचा वास आणि बनगरवाडी आता माझ्या डोक्यात एकत्र जोडले गेले आहेत.

अनेकांनी विचारलं, आजकाल पीयू, मेलामाइन अशी पॉलिशं असताना लाख कशाला? पीयू जास्त टिकतं, पाण्याला दाद देत नाही, हे खरं आहे. जेवणाच्या टेबलाला मीही तेच सुचवेन. लाखेवर गरम कप ठेवला की वळं उमटतं, हातावरचं सॅनिटायझर सांडलं तर ती विरघळते. पण ती दुरुस्त होते. नवा थर जुन्या थरात मिसळून जातो, ठिगळ दिसत नाही. पीयूला चरा पडला की सगळी फळी तासावी लागते. लिहायच्या, वाचायच्या सामानाला लाखच हवी, हे माझं ठाम मत आहे.

खुर्चीचा वेत मात्र आम्ही विणला नाही. ते हाताला बसलेल्या माणसाचंच काम आहे. पूर्वी अंध मुलांच्या शाळांतून हे शिकवत आणि सरकारी कचेऱ्यांच्या खुर्च्या तिथले विद्यार्थी विणत. आमच्याकडे आलेल्या कारागिराने वेताच्या पट्ट्या पाण्यात भिजत घातल्या, चौकटीच्या भोकांतून आधी उभ्या, मग आडव्या, पुन्हा उभ्या, पुन्हा आडव्या आणि शेवटी दोन्ही तिरप्या ओढल्या. वाळताना वेत आखडतो आणि जाळी ताणून बसते. त्यांचं बोट प्रत्येक भोकापाशी न बघता पोचत होतं. सांगितलेल्या पैशांपेक्षा थोडे जास्त द्यावेत असं वाटायला लावणारं काम होतं ते.

कपाटाच्या मागच्या फळीत भुंगेरा होता. बारीक भोकं, खाली पिठासारखा भुसा. ती फळी सागाच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडाची होती. साग टिकतो तो गाभ्याचा, पांढऱ्या भागाला कीड सोडत नाही. ती फळी टाकली, नवी बसवली. सगळंच वाचवायचा हट्ट धरायचा नसतो. पुस्तकांपैकीही काही कसरीने इतकी खाल्ली होती की ती गेली.

आता ज्येष्ठ चालू आहे. आई आमच्याकडे असते आणि दुपारी आरामखुर्चीत बसून हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ वाचते. १८९० पासून ‘करमणूक’मधून क्रमशः आलेली ही यमूची कहाणी. आई मध्येच मला हाक मारून एखादं पान वाचून दाखवते आणि आम्ही दोघी भांडतो, यमूने काय करायला हवं होतं यावरून. पुस्तकांवरची खाकी कव्हरं तिने स्वतः काढून टाकली.

तुमच्याही घराचं पुनर्विकासाचं पत्र आलं असेल, तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी एक दिवस राखून ठेवा. टेबल, तिवई, कपाट उलटं करून खालच्या बाजूला काचकागद घासून बघा. सांधे खिळ्यांचे आहेत की कुसू-खाचेचे, ते बघा. गाभ्याचं लाकूड असेल तर ते कुणालाही देऊ नका. आणि कपाटातली पुस्तकं रद्दीच्या वजनावर घालण्याआधी प्रत्येकाची पहिली दहा पानं तरी वाचा.