कात्रज ते सिंहगड : धारेवरील द्रव्यदर्शन

कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून सिंहगडापर्यंत डोंगरधार जाते. टेकड्यांमागून टेकड्या चढत-उतरत ती एका दिवसात पार होते. फाल्गुनात आम्ही या वाटेने जातो, तेव्हा उतारांवर धायटी फुललेली असते. आसवारिष्टांच्या संधानासाठी आपण वापरतो ती धातकीपुष्पे हीच. पुढे मुरुडशेंग व गेळ भेटतात; चरकसंहितेच्या कल्पस्थानाचा आरंभ याच गेळाने, म्हणजे मदनफळाने होतो. मात्र याच दिवसांत वणवे लागतात व कोवळी रोपे जळतात. त्यात सारी फुले ओरबाडली, तर झुडपाला बी धरत नाही. दुकानात पोत्याने येणारे द्रव्य कोठून व कसे गोळा केले, हे वैद्यांनी व औषधनिर्मात्यांनी खरेदीपूर्वी अवश्य विचारावे.