जुने तत्त्व, नवे पेटंट

समजा तुम्ही पेटंट कचेरीत परीक्षक आहात. धुराड्यातून निघणारे गंधकाम्लाचे तुषार विजेने पकडण्याच्या रीतीसाठी एकाने अर्ज केला आहे. पण विजेने धूर निवळतो, हे तर ऐंशी वर्षांपूर्वीच माहीत झालेले! मग पेटंट द्याल का?

हा अर्ज खराच आला होता. अर्जदार होते कॅलिफोर्निया विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक कॉट्रेल आणि वर्ष होते १९०७. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सेल्बी येथील धातुशुद्धीच्या कारखान्याचा धूर आसपासच्या लोकांना नकोसा झाला होता. प्रकरण न्यायालयात गेले होते.

आता जुनी माहिती पाहू. १८२४ साली जर्मनीत होलफेल्ड यांनी बाटलीतला धूर विद्युत्‌भारित तारेने निवळून दाखवला. पुढे ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज यांच्या प्रयोगांवरून १८८५ च्या सुमारास वेल्समधील बॅगिल्टच्या शिसे कारखान्यात हा उपाय करून पाहिला गेला. पण तो फसला. हाताशी असलेल्या स्थिर विजेच्या यंत्रांची शक्ती तुटपुंजी होती.

तत्त्व सोपे आहे. उच्च दाबाच्या तारेभोवतीची हवा आयनित होते. तुषारांना भार मिळतो, ते विरुद्ध भाराच्या पत्र्याकडे ओढले जातात आणि तेथून ठिबकतात.

मग कॉट्रेल यांनी नवे काय केले? त्यांनी रोहित्राने प्रत्यावर्ती विजेचा दाब वाढवला आणि फिरत्या स्विचने ती एकाच दिशेने वाहती केली. शिवाय अंधारात त्यांना दिसले, की सूत गुंडाळलेल्या तारेचा तंतू न् तंतू जांभळट चमकतो. म्हणजे भार सर्वत्र सारखा पाझरतो! त्यांनी तशीच तंतुमय तार वापरली.

आक्षेप घेणारा म्हणेल, "रोहित्र जुने, तत्त्व जुने, नुसती जुळवाजुळव!" अर्जदार म्हणेल, "इतके उघड होते, तर वीस वर्षांत कारखान्यात कोणी चालवून का दाखवले नाही?"

कायद्याची कसोटी नेमकी येथेच लागते. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यानुसारही केवळ वैज्ञानिक तत्त्वाचा शोध म्हणजे 'इन्व्हेन्शन' नव्हे. रीत नवी हवी, त्या विषयातल्या जाणकाराला सहज न सुचणारी हवी आणि उद्योगात वापरता येण्याजोगी हवी.

११ ऑगस्ट १९०८ रोजी कॉट्रेल यांना पेटंट मिळाले. पुढे १९१२ मध्ये त्यांनी आपली पेटंटे विज्ञान संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या संस्थेच्या हवाली केली.

या रीतीने तुषार सापडतात, पण वायुरूप सल्फर डायॉक्साइड निसटतो. त्याला चुनखडीच्या निवळीसारख्या पातळ राड्याने धुऊन काढतात. आम्ल-अल्कलीची ती विक्रियाही जुनीच! तेव्हा वर्गात दोन गट करा आणि वाद घाला: अशा धुलाईयंत्रात नेमके काय नवे असले, तर तुम्ही पेटंट द्याल?