विजेच्या कुकरांतील पास्ता

पास्ता शिजविण्याची इटालियन रीत म्हणजे १०० ग्रॅमला १ लिटर उकळतें पाणी, आणि मधून मधून एखादा तुकडा दांताखालीं घालून पाहणें. शिजल्यावरहि तो किंचित् करकरीत लागावा, असा त्या लोकांचा कटाक्ष. विजेच्या प्रेशरकुकरांत हें चाखणेंच खुंटतें. सारी भिस्त घड्याळावर!

दाबाखालीं पाणी सुमारें ११५ अंशांवर उकळतें. म्हणून पुड्यावर १० मिनिटें छापलीं असल्यास ४ पुरेत. हीं मिनिटें दाब भरल्यानंतरचीं; तत्पूर्वीं भांडें तापतांना पास्ता शिजूं लागलेलाच असतो. पहिल्या खेपेस आम्हीं डाळीप्रमाणें दाब आपोआप उतरूं दिला, आणि बारा पानांवर जवळजवळ खळच वाढली! वेळ संपतांच वाफ सोडली पाहिजे.

परंतु पिठूळ पाण्याला फेंस फार. तो झडपेंतून उसळून हात भाजतो. म्हणून भांडें निम्म्याहून अधिक भरूं नये, चमचाभर तेल घालावें, वाफ थांबत थांबत सोडावी, व तेव्हां मुलांना दूर ठेवावें. पाणी पास्ता जेमतेम बुडेल इतकेंच असावें. तें फेंकूं नये, त्याच्याच पिठानें सॉस दाटतो.

पास्ता ड्यूरम गव्हाच्या रव्याचा घ्यावा. आपला बन्सी गहूं त्याच जातीचा. मैद्याचा या यंत्रांत टिकत नाहीं.

राहिल्या आजीबाई! त्यांचा वांटा झांकण उघडल्यावर गरम रसांत आणखी ५ मिनिटें झांकून ठेवावा, म्हणजे दांतांवांचूनहि त्यांना तो खातां येतो.