ओळखीचा चेहरा, रोजंदारीचे जगणे

मुंबईतल्या दैनंदिन मालिकांत काम करणाऱ्या बहुतेक नटनट्यांना महिन्याचा पगार नसतो. दिवसाचा दर ठरतो, त्याला ‘पर डे’ म्हणतात. चित्रीकरण असेल त्याच दिवसाचे पैसे मिळतात आणि तेही प्रथेप्रमाणे ९० दिवसांनी हाती येतात. शिफ्ट बारा तासांची. सेट गोरेगावच्या चित्रनगरीत, मढला किंवा ठाण्यात घोडबंदर रस्त्याला. प्रवास धरला तर दिवसाचे चौदा-पंधरा तास जातात. शनिवार-रविवारी नाटकाचा प्रयोग असेल, तर शिवाजी मंदिर किंवा गडकरी रंगायतन गाठावे लागते. तिथला मोबदला प्रयोगागणिक, म्हणजे ‘नाईट’वर.

प्रेक्षकाला यातले काहीच दिसत नाही. रोज रात्री घरात येणारा चेहरा सुखवस्तूच असणार, असे तो गृहीत धरतो. मग तो समज सांभाळणे हेही कामाचा भाग होऊन बसते. कपडे, व्यायामशाळा, केशभूषा, छायाचित्रे यांचा खर्च बहुधा पदरचाच असतो. अलीकडे भूमिकेसाठी निवड करताना समाजमाध्यमांवर किती लोक मागे आहेत, हेही पाहिले जाते. त्यामुळे काम नसलेल्या महिन्यांतही हसरे छायाचित्र टाकणे चुकत नाही, आणि आर्थिक ओढगस्त बोलून दाखवणे अवघड होते.

प्रसिद्धी मिळाली तरी जुना संशय पुरता गेलेला नाही. कुलीन घरातल्या स्त्रीने पडद्यावर जाणे एके काळी लाजिरवाणे मानले जाई. दुर्गा खोटे १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’मध्ये तारामती झाल्या आणि त्या समजाला मोठा धक्का बसला. तरीही आज अंधेरी-वर्सोव्यात एकट्या अभिनेत्रीला भाड्याने घर शोधताना वेळी-अवेळी येण्याजाण्यावरून प्रश्न झेलावे लागतात. पडद्यावरच्या तिच्या आदर्श सुनेचे कौतुक करणाऱ्या समाजानेच असे वागावे, हे अन्यायाचे आहे.

मराठी कलावंतांनी स्थैर्यासाठी नोकरीचा आधार घेतल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात होते, दिलीप प्रभावळकर एका औषध कंपनीत. दैनंदिन मालिकेने मात्र ती वाट जवळजवळ बंद केली. बारा तासांच्या शिफ्टसोबत दुसरी नोकरी निभत नाही.

या अस्थिरतेचे खरे रूप मार्च २०२० मध्ये उघडे पडले. करोनामुळे चित्रीकरण थांबले आणि दिवसावर जगणाऱ्यांची मिळकत एकदम बंद झाली. पुढे चित्रीकरण सुरू झाले, तेव्हा ६५ वर्षांवरील कलाकारांना सेटवर मज्जाव होता. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली, म्हणून ज्येष्ठांना पुन्हा काम करता आले. ९० दिवसांची प्रथा मात्र तशीच राहिली. सुधारणेची सुरुवात तिच्यापासूनच व्हायला हवी: केलेल्या कामाचे पैसे महिनाअखेरीस मिळालेच पाहिजेत.