अर्ज ‘सबमिट’ झाला, पण सातबारा तसाच! ऑनलाइन फेरफार नेमका कुठे थांबतो?

मार्च आला की भीमेच्या दोन्ही काठांवर, शिरूरच्या बाजूला आणि दौंडच्या बाजूलाही, सोसायटीच्या पीककर्जाचा भरणा आणि नवी उचल सुरू होते. अशा वेळी सातबारा काढावा आणि त्यावर अजून वारलेल्या वडिलांचेच नाव दिसावे, हा अनुभव अनेक घरांत येतो. मुलगा मोबाइल पुढे करतो. ‘दोन महिन्यांपूर्वीच ऑनलाइन अर्ज केलाय, हा बघा मेसेज.’ मेसेज खरा असतो आणि सातबाराही खराच असतो. मधला प्रवास मात्र कुणी पाहिलेला नसतो.

सातबारा पूर्वी तलाठ्याच्या दप्तरात होता, आता तो डेटाबेसमध्ये आहे. डेटाबेस सांभाळणारी माणसे दोन गोष्टी काटेकोरपणे वेगळ्या ठेवतात. बदलाची आज्ञा पाठवणे ही एक आणि तो बदल कायम होणे ही दुसरी. पाठवलेल्या आज्ञा आधी रांगेत दिसतात. कोणती चालू आहे, कोणती अडकली, कोणती नाकारली, हे व्यवस्थापकाला पडद्यावर कळते. ‘कमिट’ होईपर्यंत मूळ नोंदीला धक्का लागत नाही. जमिनीच्या नोंदीतही हेच घडते, फक्त इथे कमिट करणारे यंत्र नसून मंडळ अधिकारी असतो.

वारस नोंद, मयताचे नाव कमी करणे, बोजा चढवणे किंवा उतरवणे, सोसायटीचा इकरार, अज्ञान पालनकर्त्याचा शेरा काढणे अशा कामांसाठी ‘ई-हक्क’ प्रणालीतून घरबसल्या अर्ज करता येतो. तो गावच्या तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे जातो. कागद पुरे असतील तर तो अर्ज स्वीकारतो आणि फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, नोंद धरतो. तेव्हा कुठे फेरफार क्रमांक पडतो. त्याआधी हातात असतो तो फक्त अर्ज क्रमांक. या दोन आकड्यांत गल्लत झाली की तलाठी कार्यालयातली निम्मी वादावादी तिथेच सुरू होते.

कागद अपुरे असतील तर अर्ज त्रुटी दाखवून परत येतो. मृत्यू दाखल्यावरचे नाव आणि सातबारावरचे नाव जुळत नाही, एखाद्या बहिणीचे नाव वारसांच्या यादीतून सुटले, जोडलेला फोटो वाचताच येत नाही, अशी कारणे असतात. परत आलेला अर्ज दुरुस्त करून पुन्हा पाठवावा लागतो, तो आपोआप पुढे सरकत नाही. इथे खरी मेख आहे. अर्ज एखाद्या केंद्रातून भरला असेल आणि खाते व मोबाइल क्रमांक केंद्रचालकाचा असेल, तर त्रुटीचा निरोप त्याच्याकडेच जातो. घरचे मात्र ‘सरकारी काम आहे, वेळ लागणारच’ म्हणत बसतात. म्हणून अर्ज भरताना स्वतःचाच क्रमांक द्यावा आणि अर्ज क्रमांक लिहून घ्यावा.

फेरफार क्रमांक पडला म्हणजे काम झाले, असेही नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार तलाठ्याने नोंदीची प्रत चावडीत लावायची आणि हितसंबंधितांना लेखी कळवायचे असते. त्यानंतर हरकतीसाठी साधारण १५ दिवसांची मुदत मिळते. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच सातबारा बदलतो. हरकत आलीच तर नोंद विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. असे प्रकरण अव्वल कारकून किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने एका वर्षात निकाली काढावे, असे कायदा सांगतो.

चावडीवरची ही नोटीस आता ‘महाभूमी’च्या ‘आपली चावडी’ या पानावर मोबाइलवरही दिसते. जिल्हा पुणे, तालुका शिरूर किंवा दौंड, मग गाव निवडायचे. फेरफार क्रमांक, प्रकार, तारीख, गट क्रमांक आणि हरकत घेण्याची शेवटची तारीख समोर येते. स्वतःचा अर्ज शोधण्यापुरतेच हे पान उपयोगी आहे असे नाही. आपल्या गटावर दुसऱ्याच कुणी नोंद टाकली आहे का, हेही इथेच कळते. पुण्यात किंवा मुंबईत नोकरीला असलेल्या आणि गावाकडे सामाईक जमीन असलेल्या भावा-बहिणींना तर याचा जास्त उपयोग. नोटीस चावडीवर लागली आणि आपण गावात नव्हतो, या सबबीने नोंद थांबत नाही. ती प्रमाणित झाली की उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करावे लागते आणि त्याची मुदत ६० दिवसांची असते.

खरेदीखताचा मार्ग थोडा वेगळा. नोंदणीकृत दस्ताने जमीन घेणाऱ्याला कलम १४९ खालील वर्दी देण्यातून सूट आहे, कारण दस्ताची माहिती दुय्यम निबंधक कार्यालयातून महसूल खात्याकडे जाते. वारसांना ही सूट नाही. त्यांनी हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचे असते. तेराव्यानंतर हा विषय काढायला घरात संकोच वाटतो आणि मुदत तशीच निघून जाते.

२०२० मध्ये सातबाराचा नमुना बदलला. तेव्हापासून त्यावर प्रलंबित फेरफार वेगळा दाखवला जातो, शिवाय शेवटचा फेरफार क्रमांक आणि तारीखही असते. जमीन घेणाऱ्याने मालकाच्या नावाआधी खरे तर हीच ओळ वाचावी. तिथे प्रलंबित क्रमांक असेल तर तो फेरफार उघडून पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. संकेतस्थळावर फुकट दिसणारा सातबारा केवळ माहितीसाठी असतो. बँकेत किंवा कचेरीत चालतो तो डिजिटल स्वाक्षरीचा, त्याचे शुल्क १५ रुपये.

कर्ज फेडले तरी बोजा आपोआप उतरत नाही, हेही अनेकांना नवे कर्ज मागायला गेल्यावर कळते. बँकेचा किंवा सोसायटीचा बेबाकी दाखला जोडून बोजा कमी करण्याचा अर्ज करावा लागतो आणि त्याचाही स्वतंत्र फेरफार पडतो. चुकून टाकलेली नोंदही पुसता येत नाही. ती नामंजूर होते, पण तिचा क्रमांक नोंदवहीत राहतो. शिरूर आणि दौंड शहरांतील मिळकत पत्रिकांचे काम मात्र भूमी अभिलेख खात्याकडे असते, त्यासाठी तलाठ्याकडे खेटे घालून उपयोग नाही.